आधी तोल, मग खेळ

ज्येष्ठांसाठी व्हीआर गेम : वाशीमसारख्या जिल्ह्यात त्यांचा उपयोग किती, धोका कुठे आणि खर्च कशावर व्हावा?

डोक्याला पट्टा बांधून डोळ्यांसमोर बसवायचा व्हीआर हेडसेट आता मोठ्या शहरांतल्या मॉलपुरता राहिलेला नाही. 'मेटा' कंपनीने २०२४ मध्ये आपला स्वस्त हेडसेट २९९ डॉलरला, म्हणजे साधारण पंचवीस हजार रुपयांना बाजारात आणला. आयातीचा खर्च त्यावर वेगळा. तरीही चांगल्या मोबाइलच्या किमतीत हे यंत्र घरात येऊ शकते. सणासुदीला पुण्या-मुंबईहून गावी येणारी मुले ते बॅगेत घालून आणतात, स्वतः खेळतात आणि मग हौसेने आजोबांच्या डोक्यावर चढवतात. आजोबा दचकतात, हात झाडतात, घरातले हसतात आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो.

दुसरीकडे शहरांतली फिजिओथेरपी केंद्रे आणि वृद्धाश्रम हेच यंत्र उपचार म्हणून पुढे करू लागले आहेत. तोल सुधारतो, लकव्यानंतर हात चालू लागतो, एकटेपणा कमी होतो, स्मरणशक्ती टिकते, असे दावे जाहिरातींत असतात. यांतले काही दावे अभ्यासांतून खरे ठरले आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि काहींना अजून पुरेसा आधार नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात हा फरक समजून घेणे जास्त गरजेचे आहे. तिथे पैसा मोजका आहे आणि चुकीच्या वस्तूवर तो गेला, तर योग्य वस्तूसाठी काही उरत नाही.

जिल्ह्याचे चित्र

अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. त्या वर्षी महाराष्ट्रात साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. तेच प्रमाण वाशीमला लावले तर तेव्हाच जिल्ह्यात सुमारे १ लाख १८ हजार ज्येष्ठ होते, असा अंदाज निघतो. त्यानंतर आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली आणि तरुण कामासाठी बाहेर पडत राहिले. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत आज घरटी एक तरी म्हातारे माणूस आणि त्याच्या सोबतीला मोबाइल, हे चित्र नवे नाही.

या माणसांचे दुखणे शहरी ज्येष्ठांपेक्षा थोडे वेगळे आहे. शहरात बैठ्या कामाने शरीर अकडते. इथे सोयाबीन-तुरीच्या शेतात वाकून, डोक्यावर ओझी वाहून गुडघे आणि कंबर झिजलेली असते. शुगरमुळे तळपायांची जाणीव कमी होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन 'पेरणी झाल्यावर', मग 'सोंगणी झाल्यावर' असे पुढे ढकलले जाते. अशा माणसाला रात्री उठून बाहेर जाताना उंबरठ्याची ठेच लागते आणि मांडीचे हाड मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोक पडल्याने दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे ज्येष्ठांसाठी कोणताही खेळ निवडताना पहिला प्रश्न करमणुकीचा येत नाही. या खेळाने माणूस पडण्यापासून वाचेल की खेळतानाच पडेल, हे आधी विचारायला हवे.

पुरावा काय सांगतो?

तोलाच्या बाबतीत सर्वांत आश्वासक अभ्यास २०१६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. बेल्जियम, इस्रायल, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन या पाच देशांत वारंवार पडणारे ६० ते ९० वर्षांचे ३०२ लोक त्यात घेतले होते. निम्मे लोक फक्त ट्रेडमिलवर चालले. उरलेल्यांना ट्रेडमिलवर चालताना समोरच्या पडद्यावर वाट दिसत होती. वाटेत अडथळे येत, रस्ता फुटे, लक्ष विचलित होई आणि त्यांच्या पायांची हालचाल कॅमेऱ्याने टिपून त्या चित्रात दाखवली जाई. आठवड्यातून तीनदा, असे सहा आठवडे हे चालले. पुढच्या सहा महिन्यांत पडद्यासह चालणाऱ्या गटात पडण्याचे सरासरी प्रमाण ११.९ वरून ६ वर आले. नुसत्या ट्रेडमिलच्या गटात ते १०.७ वरून ८.३ पर्यंतच उतरले.

या निकालाचे कारण समजण्यासारखे आहे. माणूस नुसता चालताना कमी पडतो. चालता चालता कोणी हाक मारली, पायात काही आले, डोक्यात दुसरा विचार सुरू झाला की तो पडतो. चालणे आणि विचार करणे ही दोन कामे एकाच वेळी करण्याचा सराव पडद्याने दिला. मात्र या प्रयोगात कोणाच्याही डोळ्यांवर हेडसेट नव्हता. समोर पडदा होता, अंगाला पडू न देणारा पट्टा बांधलेला होता आणि शेजारी प्रशिक्षित माणूस उभा होता.

लकव्याबाबत चित्र संमिश्र आहे. त्याच २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आलेल्या चाचणीत कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधले १४१ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एका गटाला 'निन्टेंडो वी' हा हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम दिला. दुसऱ्या गटाला पत्ते, डॉमिनो, बिंगो असे साधे खेळ दिले. दोन आठवड्यांत प्रत्येकी तासाभराची दहा सत्रे झाली. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि दोघांत फरक आढळला नाही. पत्ते पिसणारा हात आणि रिमोट हलवणारा हात सारखाच बरा झाला.

जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 'कोक्रेन' संस्थेने लकव्यातील व्हीआरचा आढावा वारंवार घेतला आहे. २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २४७० रुग्ण होते. नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिल्यास हातासाठी वेगळा फायदा दिसला नाही. नेहमीच्या व्यायामात व्हीआरची भर घातली, म्हणजे एकूण व्यायामाचा वेळ वाढला, तेव्हा फायदा दिसला. २०२५ च्या ताज्या आढाव्यात चाचण्यांची संख्या १९० वर गेली आणि हाताच्या कामात व्हीआरची थोडी सरशी आढळली. थोडी म्हणजे थोडीच. चमत्कार म्हणावा असे त्यात काही नाही.

वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचताना एक मेख लक्षात ठेवायला हवी. संशोधक 'व्हीआर' म्हणतात तेव्हा त्यात टीव्हीच्या पडद्यावर, कॅमेऱ्यासमोर उभे राहून खेळायचे गेमही येतात. दुकानदार 'व्हीआर' म्हणतो तेव्हा त्याच्या हातात हेडसेट असतो. पडद्यावरच्या खेळांचे निकाल दाखवून हेडसेट विकला जातो, आणि दोघांचे धोके तर अगदी वेगळे आहेत.

हेडसेट घातल्यावर शरीरात काय होते?

माणसाचा तोल तीन गोष्टींवर उभा असतो : डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि पाय-सांध्यांतून येणारी जाणीव. हेडसेट घातला की डोळ्यांना खोली दिसेनाशी होते. चित्रात माणूस पुढे धावत असतो आणि कान सांगतो की आपण जागेवरच आहोत. या भांडणातून मळमळ, घाम आणि चक्कर येते. घाटात बस लागते त्याच्या उलटा हा प्रकार आहे. बसमध्ये शरीर हलते आणि डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते. इथे शरीर स्थिर असते आणि दृश्य धावते.

तरुणाचे डोळे फसले तरी त्याचे पाय आणि कान त्याला सांभाळून घेतात. शुगरने तळपाय बधिर झालेल्या आणि कानाची यंत्रणा मंदावलेल्या ज्येष्ठाला मात्र डोळ्यांचाच मुख्य आधार असतो. हेडसेट नेमका तोच आधार काढून घेतो. त्यात बहुतेक हेडसेटचे वजन अर्धा किलोच्या आसपास असते. मानेचे मणके झिजलेल्या माणसाला ते वीस मिनिटांत जाणवते.

म्हणून साठीपुढे पहिला नियम साधा आहे. हेडसेटचा खेळ बसून, हात असलेल्या भक्कम खुर्चीत, शेजारी कोणीतरी असताना खेळावा. बाज, चाकांची खुर्ची, प्लास्टिकचे स्टूल यावर बसून खेळू नये. बहुतेक खेळांत 'बसून' असा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो सुरू करून द्यावा.

हेडसेट आणि त्याच्या हातातल्या रिमोटमध्ये चुंबक असतात आणि रेडिओ लहरी निघतात. पेसमेकर किंवा श्रवणयंत्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, असे कंपन्यांच्या सूचनापत्रकातच लिहिलेले असते. फिट येण्याचा इतिहास, नुकतेच झालेले डोळ्यांचे ऑपरेशन, वारंवार येणारी चक्कर किंवा आटोक्यात नसलेले बीपी असेल तर हेडसेट टाळावा. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत. नंतरही पंधरा-वीस मिनिटांपलीकडे जाऊ नये आणि खेळ संपल्यावर लगेच उठू नये.

कोणते खेळ चालतील?

साधी कसोटी अशी : चित्रातले जग स्थिर असावे आणि हालचाल खेळणाऱ्याच्या हातांची असावी. 'रिअल व्हीआर फिशिंग'मध्ये माणूस काठावर बसून गळ टाकतो. 'पझलिंग प्लेसेस'मध्ये वाड्या-मंदिरांचे तुकडे जोडून चित्र पूर्ण करायचे असते. 'नेचर ट्रेक्स'मध्ये जंगल आणि समुद्रकिनारा पाहत बसता येते. 'बीट सेबर' या ठेक्यावर ठोकळे कापण्याच्या खेळात खांदे आणि हात चांगले फिरतात. तो बसूनही खेळता येतो, पण सर्वांत सोप्या पातळीवर आणि खांद्याचे दुखणे नसेल तरच.

टाळायचे खेळही स्पष्ट आहेत. रोलर कोस्टर, गाड्यांच्या शर्यती, भुतांचे खेळ आणि 'रिचीज प्लँक'सारखे उंच इमारतीवरच्या फळीवरून चालायला लावणारे अनुभव ज्येष्ठांसाठी नाहीत. गंमत म्हणून व्हिडिओ काढण्यासाठी घरातल्यांची पहिली पसंती नेमकी यांनाच असते. आजीची किंकाळी दहा सेकंदांच्या व्हिडिओत विनोदी वाटते, पण मांडीचे हाड मोडले तर महिनोन्महिने अंथरूण धरावे लागते. असे हाड मोडल्यावर पुढच्या वर्षभरात मृत्यूचा धोकाही बराच वाढतो.

भाषेची अडचण वेगळीच आहे. बहुतेक खेळांच्या सूचना इंग्रजीत असतात. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची आजी घरात गोरमाटी बोलते, बाजारात वऱ्हाडी मराठी बोलते आणि तिला वाचता येत नाही. तिच्यासाठी 'प्रेस ट्रिगर टू कंटिन्यू' या पाटीचा उपयोग शून्य. शेजारी बसून 'आता बोट दाबा, आजी' म्हणणारी नात हाच तिच्यासाठी खरा मेन्यू आहे.

एकटेपणावर इलाज?

जेरेमी बेलेन्सन यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या १७ ज्येष्ठ-निवासांत ६५ ते १०३ वर्षांच्या २४५ लोकांना व्हीआर दिले. सुमारे ८० टक्क्यांनी नंतर मन प्रसन्न वाटल्याचे सांगितले आणि सुमारे ६० टक्क्यांना एकटेपणा कमी वाटला. ज्यांची नजर आणि ऐकणे कमी झाले होते त्यांना मात्र मजा कमी आली. म्हणजे मोतीबिंदू काढला नाही, चष्म्याचा नंबर बदलला नाही, तर पंचवीस हजारांचे यंत्र धुरकटच दिसणार.

शिवाय त्या निवासांत मदतनीस होते आणि पाहून झाल्यावर बोलायला माणसे होती. पाहिलेल्या जागेवरून निघणाऱ्या आठवणी आणि त्या आठवणींवरच्या गप्पा यांतून एकटेपणा हलका होतो. हेडसेट डोक्यावर ठेवून घरचे आपापल्या मोबाइलमध्ये गुंतले, तर म्हातारे माणूस आणखी एका डब्यात बंद होते.

स्मरणशक्तीच्या दाव्यांबाबत अधिक सावध राहायला हवे. 'लासी-डॅड' या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. खेड्यांत त्याला अजूनही 'म्हातारपणाचा विसर' म्हणून सोडून दिले जाते. व्हीआर गेमने डिमेन्शिया थांबतो किंवा बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. असे सांगून गेम विकणाऱ्याकडे पुरावा मागावा. विसर वाढत असेल तर आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-१२, ऐकणे आणि नैराश्य यांची तपासणी करून घ्यावी. यांतली काही कारणे उपचाराने बरी होतात.

पोहरादेवी पाहायची आहे

ज्येष्ठांना काय पाहायचे आहे, हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनी फारसा विचारलेला नाही. भारतात गूगलचे 'स्ट्रीट व्ह्यू' जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू झाले. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही महाराष्ट्रातली शहरे होती, विदर्भातले एकही नव्हते. परदेशातल्या आजीला हेडसेटमधून तिचे बालपणीचे घर पाहता येते. त्या वेळी वाशीमच्या आजीला पॅरिस दिसत होते, माहेर दिसत नव्हते.

ही उणीव जिल्ह्यातच भरून काढता येण्यासारखी आहे. चौफेर चित्रण करणारा ३६० अंशांचा कॅमेरा आता महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. रामनवमीची पोहरादेवीची यात्रा, कारंज्याचे गुरुमंदिर, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, वाशीमचा बालाजी आणि शेगावहून पंढरपूरला जाताना जिल्ह्यातून पुढे सरकणारी गजानन महाराजांची पालखी, ही दृश्ये इथल्या ज्येष्ठांच्या मनात आहेत. ज्यांनी एकेकाळी वारी पायी केली आणि आता ज्यांना अंगणापर्यंतही जाववत नाही, त्यांच्यासाठी यातली पाच मिनिटे मोलाची ठरतील.

चित्रण करताना एक गोष्ट सांभाळावी. कॅमेरा चालणाऱ्याच्या हातात दिला तर खुर्चीत बसलेल्या ज्येष्ठाला चक्कर येईल. तो रस्त्याच्या कडेला, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, तिकाटण्यावर स्थिर ठेवावा आणि दिंडी त्याच्या बाजूने जाऊ द्यावी. जुन्या काळी आजी दारात बसून पालखी पाहायची, तसेच ते दिसेल. निवेदन वऱ्हाडीत आणि गोरमाटीत, सावकाश असावे.

पैसा कशावर?

वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात वाशीमचे महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी कंपन्यांच्या सामाजिक निधीतून हेडसेट भेट देणे, फीत कापणे आणि छायाचित्र छापणे सोपे असते. सहा महिन्यांनी चार्जर हरवतो, पासवर्ड बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याजवळ राहतो आणि यंत्र कपाटात जाते.

आधी पुरावा जिथे भक्कम आहे तिथे पाहावे. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात निघाले. खुर्ची धरून एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, टाच-चवडा जोडून सरळ रेषेत चालणे, याला वीज लागत नाही. राष्ट्रीय ज्येष्ठ आरोग्य कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा ज्येष्ठ कक्ष आणि फिजिओथेरपी, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचे तपासणी सत्र अपेक्षित आहे. त्या सत्रात वीस मिनिटे हे व्यायाम सामुदायिकपणे झाले, तर ती कोणत्याही हेडसेटपेक्षा स्वस्त आणि सिद्ध गुंतवणूक ठरेल.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी तीन हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. नजर, कान आणि पाय सावरणाऱ्या या वस्तू आधी घरात याव्यात.

दुसरी पायरी पडद्यावरच्या खेळांची. आयआयटी गांधीनगरमध्ये उत्तमा लाहिरी यांच्या गटाने लकव्याच्या रुग्णांसाठी, अंगाचा भार डावी-उजवीकडे टाकून पडद्यावरचा खेळ खेळण्याची तोल-सरावाची पद्धत तयार केली. असे सामान वैद्यकीय महाविद्यालयाच्या फिजिओथेरपी विभागात, हात धरायला कठडा असलेल्या जागी शोभते. खेळाचा मुख्य फायदा असा की 'आणखी दहा वेळा हात उचला' म्हटल्यावर कंटाळणारा रुग्ण गुण वाढवण्याच्या नादात तीस वेळा उचलतो.

हेडसेट ही तिसरी पायरी. तो घ्यायचाच तर वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसाची नेमणूक त्याच मंजुरीत असावी. अनेकांच्या चेहऱ्याला लागणारी गादी प्रत्येक वेळी पुसून घ्यावी आणि डोळे आलेल्या माणसाला तो देऊ नये. २०२३ च्या पावसाळ्यात शेजारच्या बुलढाण्यासह राज्यभर डोळ्यांची साथ किती वेगाने पसरली, हे विसरण्याजोगे नाही. वापर, तक्रारी आणि पडण्याच्या घटना यांची नोंद ठेवली, तर वर्षभराने यंत्राचा उपयोग झाला की नाही हे जिल्ह्याला स्वतःच्या आकड्यांवरून कळेल. अशी ग्रामीण नोंद इतर जिल्ह्यांच्याही कामाची ठरेल.

घरात हेडसेट आधीच आला असेल तर तो फेकायचे कारण नाही. भिंतीला टेकलेली खुर्ची, शांत खेळ, दहा मिनिटे आणि शेजारी घरचे माणूस, एवढे पुरते. नंतर काय पाहिले ते आजी-आजोबांना विचारावे आणि ते सांगत असताना मोबाइल बाजूला ठेवावा. ज्या घरात हेडसेट नाही तिथेही काही अडलेले नाही. लकव्याच्या हातासाठी पत्त्यांचा डाव व्हिडिओ गेमइतकाच कामाला आला, हे १४१ रुग्णांच्या चाचणीने दाखवले आहे. फक्त डाव मांडायला समोर कोणीतरी बसायला हवे.